जांभळी नऊवारी

“पोरगी आणि हाडांची डॉक्टर? निखळलेला खांदा बसवायला मनगट लागतं, वहिनी! तुमच्या शाल्मलीनं बसवून दाखवला, तर नऊवारी नेसून दळण आणीन. नाहीतर तिनं गुमान कातडीचं शिकायचं!” जिन्यात शेजारच्या बापू धुमाळांनी शाल्मलीच्या आईला ऐकवत पैज लावली.

हाडांच्या डॉक्टरकीच्या बॅचमधली एकमेव मुलगी शाल्मली म्हणाली, “लागली!”

रविवारी सोसायटीच्या क्रिकेटमध्ये झेल घेताना बापूंचाच खांदा निखळला.

“सिस्टर, डॉक्टरांना बोलवा!” हॉस्पिटलात हात धरून बसलेल्या मास्कवालीवर ते खेकसले.

“बोलावते की. काका, नऊवारी हिरवी देऊ की जांभळी?”

बापू दचकले, तोवर कट्‌कन खांदा जागेवर!

आठवड्यानं जांभळ्या नऊवारीत, एक हात झोळीत अन् दुसऱ्यात दळण घेऊन बापू भर चौकातून निघाले.

“हसा लेको! पण हाड मोडलं, तर आमच्या शाल्मली डॉक्टरांकडेच जा!”