बडीशेपेचं भांडं

शेलूबाजारला जतनबाईंच्या किराणा दुकानात चांदीच्या तारा जडवलेलं काशाचं भांडं होतं. आजेसासऱ्यांनी कलकत्त्याहून आणलेलं. त्यात गिऱ्हाइकांसाठी बडीशेप असायची. ती संपली की तळाशी अनोळखी अक्षरं दिसत. सासरे म्हणत मंत्र, नवरा म्हणे कारागिराचं नाव. अखेर नातवानं, अर्पितनं, पुण्यात चिनी शिकवणाऱ्या बाईंना फोटो पाठवले. उत्तर येताच त्यानं बडीशेप कागदावर ओतली. "आजी, चीनचं हाये हे! तीन हजार वर्षांपूर्वीच्या घडणीची नक्कल, पण नक्कलच तीनशे वर्षं जुनी. आता कपाटातच ठेवा लागते." "अन् खाली काय लिहेल हाये? लग्न झाल्यापासून इचारून राह्यली मी." अर्पितनं मोबाइलवर पुढचं वाचलं अन् त्याचा आवाज उतरला. "लेकरा-नातवंडांनी हे जपावं, कायम वापरावं." जतनबाईंनी कागदाची पन्हळ करून बडीशेप परत भांड्यात ओतली अन् चिमूटभर त्याच्या तळहातावर ठेवली.