उजवीकडे वळणारा चेंडू

चेंडू पुन्हा उजवीकडे वळला आणि तळ्यात बुडाला.

"वारा आहे," बाळ्या म्हणाला.

"झाडाचं पान हलत नाहीये. वाऱ्याला कशाला बदनाम करतोस?" ताई म्हणाली.

या मैदानावर ती नवख्यांना गोल्फ शिकवायची. आजचा नवखा तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. नवऱ्याचं घर सोडून ती एकटी राहायला लागली, तेव्हापासून हा पठ्ठ्या तिच्याकडे फिरकला नव्हता. आणि आज सकाळी सकाळी कोऱ्या काठ्यांची बॅग खांद्याला लावून हजर! म्हणे, "ताई, रविवारपर्यंत मला सरळ मारता आलं पाहिजे." ती वेडी हरखली. निमित्त काढून का होईना, आला तर खरा.

बाळ्याने जमिनीत खोचलेल्या लाकडी खुंटीवर, टीवर, दुसरा चेंडू ठेवला आणि या वेळी तो आणखी डावीकडे वळून उभा राहिला. नवखी माणसं हटकून हीच चूक करतात. चेंडू उजवीकडे पळतो म्हणून तोंड डावीकडे करतात. मग काठी चेंडूला तिरकी घासत जाते आणि तो जास्तच उजवीकडे पळतो.

"पाय नीट कर. चेंडू जायला हवाय तिकडे सरळ रोख धर."

"सरळ धरला तर तळ्यात जाईल ना!"

"मग आता कुठे जातोय?"

तिने त्याच्याच खिशातला रुमाल काढून त्याच्या उजव्या काखेत खोचला. "हा पडू द्यायचा नाही. कोपर अंगाशी राहू दे. आणि मूठ सैल कर, काठी पळून जात नाहीये. रविवारी आहे तरी काय एवढं?"

"व्याह्यांनी बोलावलंय खेळायला," बाळ्या बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"व्याही? कुणाचे व्याही?"

"चिमीचं ठरलंय. पुढच्या महिन्यात लग्न आहे."

ताईच्या हातातला चेंडू हातातच राहिला. चिमीला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. ताप आला की पोरगी आईला सोडून आत्याच्या कुशीत शिरायची.

"मी सांगणारच होतो," बाळ्या गवताकडे बघत म्हणाला. "पण ती पडली जुन्या वळणाची माणसं. आत्या म्हटलं की आत्याचे यजमान कुठे असतात, हे आलंच. म्हणून मी आपलं सांगून टाकलं..."

"काय सांगितलंस?"

"की मी एकुलता एक आहे."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मारून टाकलंस होय रे मला? मग जरा रडलास तरी का?"

"हळू बोल ना! व्याही इथलेच सभासद आहेत. रविवारी तू समोर आलीस, तर ओळख दाखवू नकोस. चिमीलाही समजावलंय मी."

"काय म्हणाली ती?"

"काय म्हणणार? रडली." तो काकुळतीला आला. "ताई, एवढं कर पोरीसाठी."

पोरीसाठी! ती काठी हिसकावून त्याच्याच पाठीत घालावी, असं तिला वाटलं. पण शिकायला आलेल्याला अर्धवट शिकवून घालवणं तिच्या रक्तात नव्हतं.

"मार," ती म्हणाली.

आणि मग तिने त्याला दामटलं. "पाय बघ! रुमाल पडला! मूठ आवळू नकोस, किती वेळा सांगू?" एकेक शब्द थोबाडीत बसावा तसा. बाळ्या घामाघूम झाला. खाली पडलेला रुमाल उचल, काखेत दाब, पुन्हा मार. अखेर एकदा रुमाल जागेवरच राहिला. काठी सपकन फिरली आणि चेंडू सुतासारखा सरळ, तळं बाजूला टाकून, पार लांबवर जाऊन पडला.

"ताई! बघितलंस?" तो लहानपणीसारखा ओरडला. मग दचकून कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मागे बघितलं त्याने. ते बघणं तिला जास्त झोंबलं.

ऐकलं नव्हतं, पण मागून येत मात्र होतं कुणीतरी. डोक्यावर पांढरी टोपी. दातांचे डॉक्टर, ताईचे जुने विद्यार्थी.

"वा, व्याहीबुवा! आमच्या मॅडमनाच गाठलंत की! मलाही काठी धरायला यांनीच शिकवलं. तुमची काही जुनी ओळख?"

बाळ्याच्या काखेतला रुमाल गळून पडला. "छे छे. आजच झाली."

ताईने वाकून रुमाल उचलला. एक वाक्य बोलायची खोटी होती. ते अगदी ओठांवर आलं होतं, पण डोळ्यांसमोर चिमी उभी राहिली. ताईने ते गिळलं.

डॉक्टर आपले आनंदात होते. "मॅडम, मुलाचं लग्न आहे. तुम्ही यायचंच. एकटी कशी येऊ वगैरे काही ऐकणार नाही मी. आमच्या घरच्या म्हणून या."

"येते ना," ताई म्हणाली. "मुलाकडची म्हणून येते."

तिने रुमालाची नीट घडी घातली आणि भावाच्या हातात ठेवली.

"मुलाकडच्यांना नमस्कार करायला दारात तुम्हीच उभे असाल ना, साहेब?"