आज तिप्पट, पुढं दुप्पट

“नवरा छत्तीसचा, आमची पोर बाराची. तिप्पट झालं की हो!” सोमलिंगमामांनी बशी खाली ठेवली. “म्या अडाणी हाय, महांतप्पा, आंधळा न्हाय.”

स्थळं जमवणारे महांतप्पा नुसते हसले. “आज तिप्पट. बारा वर्षांनी बघा की. पोर चोवीसची, नवरा अठ्ठेचाळीसचा. किती पट?”

मामांनी बोटांची पेरं मोजली. “दुप्पट.”

“मग? उतरलं का न्हाय वय?”

आत चुलीपाशी शिवकांता ऐकत होती. महायुद्धामुळं नळदुर्गात साखर मिळेनाशी झाली होती. गुळाचा चहा फाटू नये म्हणून ती तो हलक्या हातानं ढवळत होती. तिचे वडील, अण्णा, बाहेर ओट्यावर पाठमोरे बसले होते. या बोलण्यात त्यांनी पडायचं नाही, असं आधीच ठरलं होतं.

आई गेल्यापासून चूल शिवकांतेकडं आली होती आणि शाळा सुटली होती. हे लग्न जमलं तर पुन्हा शाळेत जाता येईल, असा शब्द तिला मिळाला होता. तो ऐकून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दुःखही झालं नाही. थंडीच्या दिवसांत बोरी नदीच्या पाण्यात हात फार वेळ राहिला की तो आपला वाटेनासा होतो. तिचं मन तसं झालं होतं.

“म्हंजे पुढं कधी बरोबरी बी होईल?” मामांचा आवाज जरा मऊ झाला.

“होईल की! हिशेबच तसा हाय.”

“तुमचा हिशेब नगं. तुमी दोन्हीकडनं जेवणारं माणूस.” मामांनी आत वळून हाक दिली. “पोरी, तू शाळा शिकलीस. इकडं ये. वयाची बरोबरी कधी होणार, खरं सांग. कधीच न्हाय म्हणालीस, तर म्या हा उठलो बघ. मोडलं.”

शिवकांता चौकटीला टेकून उभी राहिली. असली उदाहरणं ती उर्दूतून शिकली होती; तिथल्या सरकारी शाळेची भाषा तीच होती. त्यांत नेहमी एक बाप असे आणि एक बेटी. बापाची उमर बेटीच्या तीन गुना. शिकवणाऱ्या बाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: पट बदलते, अंतर बदलत नाही. एकाच वाटेनं, एकाच चालीनं दोघं निघाले, तर मागच्याला जन्मभर पुढच्याची पाठच दिसत राहते.

दारातून तिला अण्णांची पाठ दिसत होती. ती हलत नव्हती.

चोवीस वर्षांचं अंतर. आजही चोवीस, शेवटच्या दिवशीही चोवीस. एवढंच सांगायचं होतं. तिनं ते जिभेवर आणलंही.

“छत्तीस वर्षांनी दीडपट होईल,” ती म्हणाली.

“आन् त्याच्या पुढं?”

“त्याहून कमी.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

“घ्या!” महांतप्पांनी मांडीवर थाप मारली. “आता तर लेकराच्या तोंडून ऐकलं? का अजून काझीला बोलावू?”

मामा हसले नाहीत. शिवकांतेकडं बघत ते हळूच “बरं” म्हणाले. ती आत गेली. चहा उतू जाऊन विस्तव विझला होता. तिनं ओली राख गोळा केली आणि पुन्हा फुंकर घालायला बसली.

वैशाखात लग्न लागलं. जंगम पुरोहितांचे मंत्र झाले, अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली. नव्या इरकली लुगड्यात शिवकांतेला धड चालता येत नव्हतं. कुणीतरी तिचा दंड धरून तिला पुढं नेलं. बाशिंग सावरत अण्णा तिच्याकडं वळले. त्यांच्या शेजारी सोमलिंगमामांची धाकटी बहीण पेंगत उभी होती. शिवकांतेच्या खांद्याला लागेल एवढी.

“शिवकांता,” अण्णा म्हणाले, “आईच्या पाया पड.”