नाव नसलेली पिल्लं

शेळीच्या दोन पिल्लांतलं गुटगुटीत पिल्लू पदरात गुंडाळून चांगुणा जिजाकाकूंच्या दारात उभी राहिली. मागे घरात लेक सुभद्रा तोंड फुगवून बसली होती; तिला नेमकं हेच पिल्लू आवडलं होतं.

"काकू, तुमचा वाटा."

बारा वर्षं ती काकूंच्या शेळ्या निम्म्या वाट्यावर पाळत होती. चारा तिचा, राखण तिची. पिल्लं निम्मी, आणि पहिली निवड काकूंची. म्हणून तिच्या घरात पिल्लांना नावं देत नसत.

जाणाऱ्याला कशाला नाव!

काकूंनी पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवला. "माझी शेवटची शेळी तर तू दिवाळीलाच परत केलीस. मग ह्याची आई कुणाची?"

"ती शेळी बाजारातून आणली. सरकारचे महिन्याचे पैसे खात्यात येतात ना, ते साठवून."

"अगं, कुणाची म्हणून विचारते मी."

"माझी," चांगुणा म्हणाली, आणि स्वतःच थबकली.

"मग मला कशाला वाटा, येडे?" काकू हसत सुटल्या. "ने परत, नाहीतर ठेवून घेईन हं!"

चांगुणा जवळजवळ पळतच निघाली. घर दिसताच तिने लेकीला हाक मारली,

"सुभे, दोन नावं शोध गं!"