थोटा कप

कपांच्या कारखान्यात सदोष मालाला ठरलेली नावं होती. बूड डुगडुगणारा कप लंगडा, चकाकी नसलेला आंधळा, कान तुटलेला थोटा. तपासणीवाल्या नाव ओरडायच्या आणि पट्ट्याच्या टोकाशी बसलेला पॅकिंगवाला तो कप बाजूला काढायचा. आज तपासणीला नवी बाई आली. तिचा डावा हात मनगटापर्यंतच होता. तिच्यासमोर 'थोटा' ओरडायला कोणी धजेना आणि तुटके कप निवांत खोक्यात जाऊन बसले. दुपारी मुकादम त्यातलाच एक कप नाचवत आला. "हा पास कोणी केला? हा तर चक्क..." ती दिसताच त्याने कप खाली घेतला. "आता याला म्हणायचं तरी काय?" नवीने कप फिरवून पाहिला. "कान तुटलाय म्हणा की." मुकादम सैलावला. "बरं. आणि तुम्हाला काय म्हणून हाक मारायची?" "नावाने," ती म्हणाली, "सकाळपासून कोणी विचारलंच नाही."