धुतलेल्या वस्तू

"तोंड उघडा, मावशी," मास्तर म्हणाला. त्याच्या हातात कापूस गुंडाळलेली काडी होती. गालाच्या आतून ती जराशी फिरवली की त्याचं काम होणार होतं.

बाईंनी तोंड उघडलं नाही.

"माझा काही उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "मी त्याची सावत्र आई."

मास्तरने काडी खाली ठेवली. तो प्रयोगशाळेत नमुने तपासायचा. पण येणाऱ्या नातेवाइकांना एकच गोष्ट तीन-तीनदा समजावून सांगायची त्याला खोड होती, म्हणून तिथले सगळे त्याला मास्तर म्हणत. दारातून आत येताना बाईंनी 'मी त्याची आई' एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. मुलगा धड बोलायलाही लागला नव्हता, तेव्हापासून त्यांनीच त्याला वाढवलं होतं. पण वाढवल्याची खूण लाळेत उतरत नाही.

मास्तरने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बंद पडलेल्या खाणीत हाडं सापडली होती. त्यांचा डीएनए काढून संगणकात घातला होता. तिथे हरवलेल्या माणसांच्या कितीतरी आई-बापांचे, भावंडांचे नमुने होते; एकाशीही तो जुळला नव्हता. बाईंच्या मुलाशी जुळवून बघावं, तर त्याचं रक्ताचं असं कुणी उरलंच नव्हतं. आई लवकर गेली, मग बापही गेला, पाठचं-पुढचं कुणी नाही. तेव्हा आता खुद्द मुलाच्याच वापरातली एखादी वस्तू हवी होती.

याची मात्र बाईंनी जय्यत तयारी केली होती. एक जुनी प्रवासी बॅग त्यांनी टेबलावर ठेवली आणि आतून एकेक वस्तू काढून ओळीने मांडली. टूथब्रश, कंगवा, टोपी, टॉवेल, दोन शर्ट. शर्टांच्या घड्या दुकानातल्यासारख्या कडक होत्या. मास्तरने कंगवा दिव्याखाली धरून उलटासुलटा पाहिला. त्यात औषधालासुद्धा केस नव्हता. ब्रशला साबणाचा वास येत होता.

"हे सगळं धुतलंय?"

"मग? दर रविवारी धुते. आला की लागेल ना त्याला."

मुलगा बेपत्ता होऊन सहा वर्षं झाली होती. ब्रश तर त्या उकळत्या पाण्यातून काढत होत्या. मास्तरला जरासा राग आला. कुणाचा, ते त्यालाही सांगता आलं नसतं. या टेबलावर त्याने पुष्कळ माया पाहिली होती, पण स्वतःच्याच हाताने माणसाचा माग असा पुसून टाकणारी माया तो पहिल्यांदाच पाहत होता.

"आठवून बघा," तो म्हणाला. "त्याने तोंडाला लावलेलं काहीतरी. तुमच्याकडून धुवायचं राहून गेलेलं."

"माझ्याकडून काही राहून जात नाही."

पण एवढं बोलताना त्यांची नजर बॅगेच्या बाजूच्या कप्प्यावर गेली आणि तिथेच राहिली.

कप्प्यात माउथ ऑर्गन होता. मुलाला त्यावर एकच गाणं यायचं, तेही अर्धं. ठरलेल्या जागी अडखळायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. एका दुपारी बाईंचं डोकं उठलं. त्यांनी माउथ ऑर्गन त्याच्या हातातून ओढून घेतला, या बॅगेत कोंबला आणि बॅग माळ्यावर भिरकावली. त्याने घर पालथं घातलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. त्याच आठवड्यात तो सकाळी कामाला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. पुढे घरातली त्याची चिंधी न् चिंधी धुऊन निघाली, पण या एका वस्तूला हात लावायचा त्यांना धीर झाला नाही. आज बॅग लागली म्हणून ती खाली काढली. कप्प्याची चेन तशीच बंद होती.

"जुळलं तर?" बाईंनी विचारलं.

"तर तो तुमचाच."

"आणि अशी वस्तूच नसली तर?"

"तर काहीच कळणार नाही. हाडं खोक्यात राहतील, वर नंबर घालून."

ही गोष्ट मास्तरने एकदाच सांगितली.

बाईंनी टेबलावरच्या शर्टाची घडी पुन्हा एकदा सारखी केली. रविवारी धुवायला काही तरी असणं म्हणजे काय, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं. मग त्यांनी चेन ओढली आणि माउथ ऑर्गन टेबलावर ठेवला. पत्र्यावर धुळीचा थर होता. ओठ लावायच्या भोकांपाशी काळपट काहीतरी वाळून बसलं होतं.

"यावर मिळू शकेल," मास्तर म्हणाला. "हात लावू नका आता." तो कागदी पाकीट आणि हातमोजे आणायला कपाटाकडे वळला.

कपाटाच्या काचेत त्याला बाई दिसत होत्या. त्यांनी पर्समधून रुमाल काढला. इस्त्रीचा, पांढराशुभ्र. रुमालाचा हात माउथ ऑर्गनपर्यंत गेला. एकदा फिरला असता तर संपलं होतं. खाणीतली हाडं कुणाचीच झाली नसती आणि मुलगा नुसता बाहेर गेलेला राहिला असता. मास्तरने ओरडायला हवं होतं. तो तसाच पाठमोरा उभा राहिला.

मग मागून खुर्ची करकरली. तो वळला तेव्हा बाई टेबलापासून लांब सरकून बसल्या होत्या. रुमाल दोन्ही हातांच्या मुठीत पिळला जात होता.

"धूळ आहे त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "तशीच असू दे."