बाबांचा ग्लास
“एका घोटानं काय होतंय रे?” दारूनं गेलेल्या बाबांचा लहानपणी ऐकलेला आवाज सर्वपित्रीला सर्वेशच्या कानाशी पुन्हा घुमला. जोगेश्वरीच्या गच्चीवर कावळ्यासाठी पान मांडलं होतं. वडे, खीर, काळ्या वाटाण्यांचं सांबार आणि काकांच्या हट्टापायी बाबांच्या आवडीच्या दारूचा ग्लास. वर्षभर सर्वेशनं थेंबही घेतला नव्हता. तल्लफ लाटेसारखी येते, थोडं थांबलं की ओसरते, हे तोच व्यसनमुक्तीच्या बैठकीत इतरांना समजावायचा. सगळं ठाऊक असूनही ग्लास हातात आला होता. कावळा शिवेना. “बाबांचं काहीतरी राहिलंय,” मागून बायको म्हणाली, “मुलाची दारू कायमची सुटली, एवढं सांग त्यांना. लगेच शिवेल बघ.” ग्लास ओठांपासून वीतभर दूर थांबला. तो तिच्याकडे वळला. “सुटली नाहीये गं. रोज हवीशी वाटते. हा ग्लास तू घे, माझ्याच्यानं खाली ठेववत नाही.”